भाचा निरीक्षणगृहात आहे. लॉकडाऊन उठेपर्यंत थांबायचं का?

खाडीपलीकडची – २९ मे २०२१

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्या भावाच्या मुलाबद्दल विचारायचं आहे. वय १६ पूर्ण, यंदा दहावीला. आमच्या बंदरात एका बोटीवरून डिझेलचे कॅन आणि बॅटरी चोरीला गेली. बोटीवरचे दोन खलाशी पकडले. दोघे बाहेरगावचे. त्या रात्री हा त्यांच्याबरोबर बसला होता म्हणून याचंही नाव आलं. एप्रिलच्या शेवटी निरीक्षणगृहात नेला, केस चालू असलेल्या मुलांना ठेवतात तिथे. त्या दोघांना जामीन झाला, ते आपापल्या गावी निघूनही गेले. आमचा पोरगा अजून आतच आहे.

भाऊ दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आहे, सीझनभर घरी नसतो. वहिनी मासळी विकते. बाजार सकाळी ११ पर्यंतच, त्यातून जे सुटेल त्यावर घर. ती जिल्ह्याच्या गावी जाऊन आली, तर गेटवरूनच परत पाठवलं, भेटी बंद म्हणाले. एकाने सांगितलं की सध्या मुलांच्या केसेस बघणारं बोर्ड नीट बसत नाही, लॉकडाऊन उठला की या.

तौक्ते वादळानंतर त्याचा फोन आला होता. आईला पहिलं विचारलं, घरावरचे पत्रे राहिले का. मग म्हणाला की खोलीतल्या दोन मुलांना ताप आहे, त्यांना शेवटच्या खोलीत ठेवलंय. आम्हाला झोप नाही.

व्हॉट्सअॅपवर वाचलं की सुप्रीम कोर्टाने ७ मे रोजी कैद्यांना सोडायला सांगितलंय. ते आमच्या मुलाला लागू आहे का? वकील करायला पैसे नाहीत. कोणाला माहिती असेल तर सांगा.

(गावाचं, बंदराचं आणि शाळेचं नाव खालच्या सूचनेवरून काढलं आहे.)

दादरकर – २९ मे २०२१

ताई, रागावू नका, पण सध्या तो तिथेच बरा. सरकारच्या ताब्यात आहे, दोन वेळचं जेवण आहे. कोर्टं अर्धी बंद आहेत. आणि आता गावात आणलात तर लोक दुहेरी बोलतील, एक चोरी आणि दुसरा कोरोना. महिनाभर थांबा, सगळं सुरळीत झालं की वकील बघा.

गुहागरची वकील – २९ मे २०२१

ताई, आधी एक काम करा. पोस्टमधून गाव, बंदर, शाळा यांची नावं लगेच काढा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. तुम्ही मदतीसाठी लिहिलंत, पण उद्या हेच पान त्याच्या कॉलेजातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर फिरेल.

आता उत्तर. थांबायचं नाही. आज शनिवार आहे, सोमवारी बाल न्याय मंडळाकडे अर्ज गेला पाहिजे.

दादरकर, तुमचा हेतू चांगला असेल, पण "तिथेच बरा" हे मला अजिबात मान्य नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये चेन्नईत रोयापुरमच्या सरकारी बालगृहात ३५ मुलांना लागण झाली. तिथेही मुलं सरकारच्याच ताब्यात होती. एका खोलीत रांगेने अंथरुणं, एकच नळ, एकच पंगत, कर्मचारी रोज बाहेरून ये-जा करणारे. अशा जागी अंतर कसं ठेवणार? आणि आजाराचा प्रश्न नसता तरी या मुलाला आत ठेवायला कारण लागतं. ते कारण कोणी लिहून दिलंय का, हे आधी विचारायला हवं.

ताई, ७ मेचा आदेश तुरुंगांबद्दलचा आहे, मोठ्या माणसांचा. मोठ्यांसाठी पहिला आदेश २३ मार्च २०२० ला निघाला. मुलांसाठी सुप्रीम कोर्टाने स्वतःहून वेगळं प्रकरण घेतलं आणि ३ एप्रिल २०२० ला, न्या. नागेश्वर राव आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने, देशभरातल्या मंडळांना सूचना दिल्या. तुमच्या कामाचा आदेश तो. त्यात निरीक्षणगृहातल्या सगळ्या मुलांना जामिनावर सोडण्याच्या दृष्टीने मंडळाने पावलं उचलावीत असं आहे. ज्याला सोडायचं नाही, त्याच्याबाबत स्पष्ट आणि सबळ कारण पाहिजे. म्हणजे मुलाचा अर्ज येईल तेव्हा बघू असं नाही, मंडळाने आपण होऊन विचार करायचा आहे. बैठक व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घेता येते, तेही त्याच आदेशात आहे. तेव्हा "बोर्ड बसत नाही" हे उत्तर घेऊन परत यायचं नाही. मंडळ बसलेलं नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यापुढे हजर करायची सोय तर कलम ७ मध्ये आधीपासूनच आहे.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. हा आदेश महामारीत दिलेली सवलत आहे असं समजून लोक हात जोडत जातात. सवलत कसली? २०१५ च्या कायद्याचं कलम १२ वाचा. मुलाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, हे बघायचंच नाही. मुलगा सुटलाच पाहिजे, जामीनदार असो वा नसो, किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (मुलावर लक्ष ठेवून मंडळाला अहवाल देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) देखरेखीखाली किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात. नाकारायला तीनच कारणं: सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, किंवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच विफल होणार असेल तर. त्यातलं कोणतं आणि का, हे मंडळाने नोंदवायचं. कलम ३ मध्ये तर संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं तत्त्वच घातलंय. कोर्टाने साथीच्या निमित्ताने फक्त आठवण करून दिली, आणि ती करून द्यावी लागली याचं मला वाईट वाटतं. शीला बारसे या पत्रकार बाई मुलांना तुरुंगातून बाहेर काढा म्हणून सुप्रीम कोर्टात गेल्या त्याचा निकाल १९८६ चा आहे. पस्तीस वर्षं झाली आणि अजून मोठे खलाशी घरी नि सोळा वर्षांचा पोरगा आत.

तुमच्या प्रकरणात ती तीन कारणं एकेक करून बघू. संगत म्हणाल, तर ते दोघे गाव सोडून गेलेत. शिवाय मंगळवारी १ जून. मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढल्या जातील, बंदरात रात्री बसायला बोटच राहणार नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमचा भाऊ दोन महिने घरी असणार! "बाप समुद्रावर, मुलाकडे लक्ष द्यायला कोणी नाही" हा जो मुद्दा पोलीस मांडतील, तो पावसाळ्यात टिकत नाही. अर्जात हे तारखांसकट लिहा. मंडळावरच्या माणसांना किनाऱ्याचं हे वेळापत्रक माहीत असेलच असं धरून चालू नका.

एफआयआरची प्रत मिळवा आणि कलम कोणतं लावलंय ते बघा. भारतीय दंडविधानाचं ३७९, म्हणजे साधी चोरी, असेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा. पण आपल्याकडे बोटीवरची चोरी म्हटली की ३८० लावतात, कारण त्या कलमात घराबरोबर जलयानही येतं. त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत, मग तो गंभीर गुन्ह्यात जातो. जामिनाला फरक पडत नाही, कलम १२ दोन्हीला सारखंच. पुढे प्रकरण कधी संपतं याला मात्र पडतो, ते नंतर सांगते.

वकिलाचे पैसे लागत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलाला मोफत वकील देतं, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. १५१०० ला फोन करा, नाहीतर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे जा. कागद एवढे जमवा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला, आईवडिलांची आधारकार्डं, रेशनकार्ड, भावाच्या ट्रॉलरमालकाकडून तो कधी किनाऱ्याला लागणार याचं पत्र.

खाडीपलीकडची – ३० मे २०२१

वकीलताई, खूप आधार वाटला. दोन अडचणी आहेत.

एक, जामीनदार. मागे एका प्रकरणात सातबारा मागितला होता असं भाऊ सांगतो. आमचं घर किनाऱ्याला गावठाणात, नावावर गुंठाभर जमीन नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्या सातबाऱ्यावर मुंबईची पंधरा-वीस नावं. कोण सही देणार?

दुसरी, बोटीचा मालक. तो आमच्याच आळीत राहतो. त्याने सगळ्यांसमोर सांगितलंय की पोरगा परत दिसला तर हातपाय ठेवणार नाही. सरपंच म्हणतात, आणायचा असेल तर पहिलं आरटीपीसीआर दाखवा. मग शाळेत विलगीकरणाचे चौदा दिवस.

एफआयआर मिळाली. ३८० च लावलंय, ३४ (मिळून केलेला गुन्हा) पण आहे.

निवृत्त परिवीक्षा अधिकारी – ३० मे २०२१

ताई, मी या खात्यात आयुष्य काढलं. वकीलबाईंनी कायद्याचं सांगितलंय, मी अहवालाचं सांगतो, कारण मंडळाच्या टेबलावर मुलापेक्षा आधी तो अहवाल पोचतो. पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तुमच्या भाच्याचा झालाय का ते विचारा. या लॉकडाऊनमध्ये पुष्कळ अधिकारी घरभेटीला जाऊ शकलेले नाहीत आणि "घरभेट प्रलंबित" एवढ्या एका ओळीवर मुलं अडकून पडतात. तुम्ही स्वतः अधिकाऱ्याला फोन करा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा. लाजू नका, गळकं घर असलं तरी दाखवा.

मी घरात गेलो की काय बघायचो सांगतो. मुलगा झोपणार कुठे? सकाळी त्याला उठवणार कोण? दिवसभर करणार काय? रात्री बाहेर राहिला तर कोणाला कळेल? याची उत्तरं मिळाली की मी शिफारस करायचो. एका मुलाची आई एकदा मला म्हणाली होती, साहेब, माझ्या चुलीजवळ निजतो, तो उठून गेला तर माझ्या पायावर पाय पडतो. तेवढं मी अहवालात तसंच्या तसं लिहिलं आणि मुलगा सुटला.

बोटमालकाची धमकी मात्र हलकी घेऊ नका. "शारीरिक धोका" हे कारण तिथूनच निघेल, आणि मालकाच्या दमदाटीची शिक्षा मुलाला आत ठेवून दिली जाईल. तुम्ही खाडीच्या पलीकडच्या गावात राहता ना? मग तुम्हीच का नाही? कायद्यात "योग्य व्यक्ती" म्हटलंय, ती आईबापच पाहिजे असं नाही. तुम्ही अंगणवाडी सेविका, गावात ओळख, रोज पोषण आहाराच्या निमित्ताने घरोघर फिरता. मंडळाला याहून काय हवं? तुमच्या यजमानांची संमती लेखी द्या.

गुहागरची वकील – ३० मे २०२१

साहेब, अगदी नेमकं सांगितलंत. ताई, आत्याच्या घरी ठेवायचं हे अर्जात पहिल्या परिच्छेदातच जाऊ दे, वडिलांचं हमीपत्र त्याला जोडा. मालकाने धमकी दिली ती तारीख आणि ऐकणारे कोण होते हे वेगळ्या कागदावर लिहून वकिलाकडे द्या. गरज पडली तर पोलिसांत अर्ज करू, पण तो मालकाविरुद्ध असेल.

सातबाऱ्याचं. कोकणातल्या गरीब मुलांचे जामीन इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कलम १२ मध्ये "जामीनदारासह किंवा जामीनदाराविना" असं स्पष्ट आहे. तेव्हा वकिलाने सुरुवातीलाच मागणी करायची की वडिलांच्या जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) किंवा आत्याच्या हमीपत्रावर सोडा, कुटुंब भूमिहीन मच्छीमार आहे. तरीही जामीनदाराची अट घातली आणि ती तुम्हाला पुरी करता आली नाही, तर सात दिवसांत मुलाला परत मंडळापुढे आणून अट बदलून घ्यायची, कलम १२ चं चौथं पोटकलम. याची आठवण कोणी करून देत नाही. आदेश झाला, अट घातली, फाइल मिटली, आणि जामीन मिळालेला मुलगा सातबाऱ्यासाठी आतच. अशी मुलं मी पाहिली आहेत. आठव्या दिवशी तुम्ही फोन करायचा आणि विचारायचं, मुलाला हजर केलं का?

जामीन नाकारलाच तर बाल न्यायालयात म्हणजे सत्र न्यायालयाच्या ठिकाणी कलम १०१ खाली अपील आहे, मुदत तीस दिवस. तोपर्यंत जाणार नाही असं वाटतंय.

सरपंचांना नमस्कार करा आणि सांगा की चाचणी निरीक्षणगृहातून निघतानाच करून घेऊ, ती मागणी आम्हीच अर्जात घालतोय. वेगळं राहायचं तर आत्याच्या पडवीत राहील. पण मुलाच्या सुटकेला ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही, तसा ठराव कोणी करू लागलं तर मला कळवा.

गाडीचा खर्च परवडणार नसेल तर मुलाला घरी पोचवण्याची व्यवस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षाने करावी अशीही एक ओळ टाका. मागितलं नाही तर मिळणार नाही.

दादरकर – ३१ मे २०२१

मी वर लिहिलेलं वाचून कोणी थांबू नये म्हणून परत लिहितो. मला हे कलम १२ माहीत नव्हतं. ताई, गाडीचं भाडं मी देतो, मेसेज करा.

खाडीपलीकडची – ९ जून २०२१

भाचा काल माझ्या घरी आला. सर्वांचे मनापासून आभार.

विधी सेवेच्या वकील बाईंनी अर्ज केला, व्हिडिओवर सुनावणी झाली. भाऊ आणि मी तालुक्याच्या कोर्टातल्या एका खोलीतून बोललो. पोलिसांनी संगतीचाच मुद्दा काढला. वकील बाईंनी १ जूनपासूनच्या बंदीचा कागद दाखवला आणि भाऊ स्वतः तिथे उभाच होता. मंडळाच्या मॅडमनी मला विचारलं, तुमच्याकडे तो काय करणार? मी सांगितलं, सकाळी माझ्याबरोबर आहाराची पाकिटं वाटेल, दुपारी अभ्यास. जामीनदार मागितला नाही. अटी अशा की ऑगस्टपर्यंत माझ्याकडे राहायचं, कोणत्याही बोटीवर जायचं नाही, दर आठवड्याला परिवीक्षा अधिकाऱ्यांना फोन. चाचणी निगेटिव्ह आली, तरी पडवीत वेगळा ठेवलाय. दादरकरांनी गाडी पाठवली.

बारीक झालाय. जेवताना ताटाभोवती हात धरून जेवतो, आधी असं करत नव्हता.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दहावीची परीक्षा रद्द झालीय आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावणार म्हणतात. त्याचं तोंडी आणि गृहपाठाचं काहीच शाळेकडे नाही. शाळेला काय सांगू? आणि केस संपली का?

गुहागरची वकील – ९ जून २०२१

ताई, वाचून फार बरं वाटलं. ताटाचं मनावर घ्या, पण त्याला टोकू नका. निरीक्षणगृहातल्या मुलांना समुपदेशन द्यायला त्या ३ एप्रिलच्या आदेशातच सांगितलंय, लॉकडाऊनच्या ताणात मारहाण आणि लैंगिक त्रासही वाढू शकतो हे कोर्टाने नोंदवलंय. परिवीक्षा अधिकाऱ्यांना सांगून बाहेर आल्यावरही समुपदेशकाची वेळ मागा. त्याला बोलायचं असेल तेव्हा बोलेल.

शाळा: मुख्याध्यापकांना एकट्यांना भेटा. एवढंच सांगा की घरगुती अडचणीमुळे एप्रिल-मेमध्ये तो संपर्कात नव्हता. नववीचे ५० गुण तर हातात आहेतच. गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाचे २० आणि वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाचे ३०, त्यातलं जे राहिलंय ते आता घ्या म्हणावं. केसचा कागद शाळेत दाखवायचा नाही. आणि त्याच्या मनात पुढे बोटीवरच्या किंवा सरकारी नोकरीची भीती असेल तर सांगा, कलम २४ प्रमाणे या प्रकरणामुळे त्याच्यावर कसलीही अपात्रता येत नाही.

केस संपलेली नाही. पहिल्यांदा मंडळापुढे हजर केलं ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथून चार महिन्यांत चौकशी पुरी व्हायची, फार तर दोन महिने वाढतात. किरकोळ गुन्हा असता तर तेवढ्या मुदतीनंतर प्रकरण आपोआप बंद झालं असतं, म्हणून मी ३७९ की ३८० ते विचारलं होतं. वकिलांना सांगा, ती बोट किनाऱ्याला उघड्यावर बांधलेली होती, माल ठेवायला वापरत होते का, म्हणजे ३८० लागतं का, हा वादाचा मुद्दा आहे, तो आत्ताच लेखी मांडा.

आणखी एक. सुप्रीम कोर्टाने १५ डिसेंबर २०२० ला संस्थांमधून घरी परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिना २,००० रुपये द्यायला राज्यांना सांगितलंय, घरची परिस्थिती बघून. शिफारस जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. वहिनींच्या नावाने अर्ज टाका. त्या वेळी कोर्टापुढे आलेला आकडा असा होता की देशातल्या सगळ्या प्रकारच्या बालसंस्थांत मिळून २,२७,५१८ मुलं होती, त्यांतली १,४५,७८८ घरी पोचली. तेव्हा हे काम होतं, करायला बसलं की होतं.

आणि आता माझी एक विनंती. भाच्याला सवडीने विचारा, त्या गृहात अजून कोण आहे ज्याच्या घरून कोणी आलेलं नाही. गवंड्यांबरोबर आलेला परराज्यातला एखादा, किंवा ज्याच्या आईकडे फोनच नाही असा. नाव इथे लिहू नका, मला मेसेज करा, अर्ज मी तयार करून विधी सेवेकडे देते. तापाचे जे दोघे होते त्यांचं पुढे काय झालं, तेही विचारा.